मधल्या खुर्चीवर कोण

सिल्वासात राहणाऱ्या माणसाचं यकृत बिघडलं की पुढचं कोणी विचारत नाही. शेजारचं राज्य दारूबंदीचं, इथे दुकानं उघडी. शनिवारी संध्याकाळी वापीकडून येणाऱ्या गाड्यांची रांग कशासाठी लागते, हे इथली शाळकरी मुलंही सांगतील. त्यामुळे माझ्या नवऱ्याला सिरॉसिस झाल्याची बातमी टोकरखाड्याच्या सरकारी वसाहतीत सगळ्यांनी अगदी समजूतदारपणे ऐकून घेतली. "अहो, ते घेत नाहीत," असं मी सुरुवातीला सांगत असे. त्यावर लोक एका विशिष्ट पद्धतीने मान हलवत. दारुड्यांच्या बायकांसाठी राखून ठेवलेली मान असते ती. पुढे मी सांगणंच सोडून दिलं.

खरं कारण इतकं बेचव होतं की ते कोणाला पटलंही नसतं. मधुमेह, सुटलेलं पोट, यकृतावर साचलेली चरबी. ती चरबी समारंभांतून आली होती. माझा नवरा प्रशासनात शिष्टाचार सांभाळायच्या कामावर होता. म्हणजे पाहुणा आला की त्याला कोण घ्यायला जाणार, गुच्छ आधी कोणाच्या हातात, आणि मुख्य म्हणजे कोणी कुठल्या खुर्चीवर बसायचं, हे ठरवणं. उद्घाटन झालं की पेढा, समारोप झाला की समोसा, आणि पाहुण्याने नाही म्हटलेली काजूकतली वाया जाऊ नये म्हणून तीही. राष्ट्रसेवेने एखाद्याचं यकृत असं हळूहळू भरत जातं, हे कुठल्याच सत्काराच्या भाषणात येत नाही.

मी इथल्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवायचे. आम्ही दोघंही कोकणातून नोकरीसाठी इथे आलो आणि राहून गेलो. ह्यांच्या कामाची मी सुरुवातीपासून थट्टा करत आले. प्रजासत्ताक दिनाच्या आधी हे जेवणाच्या टेबलावर कप मांडून बसत. मोठा कप प्रमुख पाहुणे, बिनकानाचा कप वनाधिकारी. आंघोळ करतानासुद्धा नळाच्या आवाजावर आवाज काढून क्रम म्हणायचे: मधे प्रमुख पाहुणे, उजवीकडे प्रशासक, डावीकडे खासदार, त्यानंतर जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष. इतर बायका नवऱ्यांची स्तोत्रं ऐकतात, मी खुर्च्यांचा क्रम ऐकला. तो मला पाठ झाला, तेही मनात नसताना.

"आणि मी कुठे?" असं मी एकदा विचारलं होतं.

"दुसरी रांग, डावीकडे, खांबाजवळ. अधिकाऱ्यांचे कुटुंबीय."

"खांबाच्या अलीकडे की पलीकडे?"

"अगं, थट्टा नको. पलीकडे. अलीकडे पत्रकार बसतात."

त्या खांबाशी माझी पुढे बरीच ओळख झाली. त्याच्याआडून व्यासपीठ दिसत नसे. भाषण ऐकताना त्याचा फार आधार वाटायचा, कारण जांभई दिली तरी कोणाला कळत नसे.

आजार कळल्यावर डॉक्टरांनी एक पातळ, अतिगोड औषध दिलं. ते घेतलं की दिवसातून दोन-तीनदा शौचाला जावं लागतं आणि तसं जावं लागणं हाच औषधाचा हेतू असतो. ह्यांना तो हेतू अपमानास्पद वाटला. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याची वेळ ठरवली, त्याला स्वतःच्या पोटाने हुकूम द्यावा, हे त्यांच्या शिष्टाचारात बसत नव्हतं. तरी बहुतेक दिवस ते घेत. फक्त समारंभाच्या आदल्या दिवसापासून बंद. मला हे उशिरा कळलं.

त्या वर्षीच्या दोन ऑगस्टला, इथल्या मुक्तिदिनाच्या सकाळी मी विचारलं, "अहो, औषध?"

"आल्यावर घेतो."

"कालही आल्यावर घेणार होतात."

"पाहुणे निघेपर्यंत मला जागा सोडता येत नाही. राष्ट्रगीत चालू असताना मी काय संडासाकडे पळू?"

मी छत्री शोधायला गेले. ऑगस्टचे दिवस, शामियान्यावर पावसाचा मारा, आणि जागा सोडायची नाही हा नियम. आदल्या दिवशी हे दुपारभर झोपले होते आणि रात्रभर घरात फिरत होते. श्वासाला गोडसर, कुजकट असा वास येत होता. मला वाटलं, समारंभाची काळजी आणि रिकामं पोट. आम्ही दोघंही शिकलेली माणसं होतो, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक कारण तयार असे.

मी खांबापलीकडे जाऊन बसले. पाहुणे यायचे होते. पोलीस बँडमधला ढोलवाला भिजलेला होता आणि कडेला आडोशाने उभा होता. हे सूट घालून संथपणे त्याच्याकडे गेले. त्याला कमरेत वाकून नमस्कार केला, "या, आपण या," म्हणत त्याचा हात धरला आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर नेऊन बसवलं. सूटवाल्या साहेबाचा हुकूम म्हणून तो बिचारा बसला, ढोल मांडीवर घेऊन. मग हे एका ड्रायव्हरला घेऊन आले. त्याला उजवीकडची खुर्ची मिळाली. त्याच्या शेजारी चहाची किटली धरलेल्या माणसाला बसवू लागले.

मी हसले. अख्ख्या शामियान्यात मी एकटी हसले. इतकी वर्षं ज्या दिवसाची मी वाट पाहत होते तो उजाडला आहे असं मला वाटलं. आता सगळ्या खुर्च्यांचा निकाल लागणार! मग ह्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. खुर्चीला लावलेली चिठ्ठी सरळ करायला त्यांनी हात पुढे केला होता. तो मनगटातून खाली पडत होता, पुन्हा वर येत होता, पुन्हा पडत होता. ओल्या हाताचं पाणी झटकावं तसा. माझं हसू तिथेच राहिलं.

ह्यांचे एक सहकारी, वलसाडकडचे, लगबगीने माझ्याकडे आले. "मॅडम, साहेबांना घरी घेऊन जावा ने. सवारथी, सकाळपासूनच, थोडी जास्त झाली वाटतं."

"ते घेत नाहीत हो."

"हा हा, खरी वात. नाहीच घेत. पण आज थोडी झाली." आणि मान हलली. तीच मान.

ढोलवाल्याला उठवायला दोन हवालदार लागले. एकाने त्याचा हात धरला, दुसऱ्याने ढोल. पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आली तेव्हा आम्ही मागच्या बाजूने बाहेर पडत होतो. हे जाता जाता प्रत्येक रिकाम्या खुर्चीला नमस्कार करत होते.

वापीच्या दवाखान्यातला डॉक्टर वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढा होता. त्याने वास घेतला, हात पुढे करायला लावले आणि म्हणाला, "आंटी, ही दारू नाही. अमोनिया आहे." मला त्या पोराच्या पाया पडावंसं वाटलं. रोगाचं नाव कळल्याचा तो आनंद नव्हता. पहिल्यांदा कोणीतरी माझं खरं मानलं होतं.

अमोनिया म्हणजे मला माहीत होता तो बर्फाच्या कारखान्यातला, डोळे झोंबवणारा. तो माणसाच्या आतही तयार होतो हे मी नंतर वाचून काढलं. मी वाचणारी बाई आहे. संकट आलं की आधी त्याच्याविषयी वाचते, मग रडते. आतड्यांतले जंतू अन्नातल्या प्रथिनांपासून तो तयार करतात. धडधाकट यकृत त्याचं युरिया करून लघवीवाटे बाहेर पाठवतं. यकृत थकलं की अमोनिया तसाच रक्तात शिरतो आणि मेंदूपर्यंत जातो. पोट साफ झालं नाही तर आणखी वाढतो. त्या गोड औषधाचं काम एवढंच, की त्याला आतड्यातच अडवायचं आणि तिथूनच निरोप द्यायचा.

मेंदूत गेल्यावर तो काय करतो, ते वाचताना मला हसू आलं आणि मग आलं नाही. मेंदूत ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात. विचार करणाऱ्या पेशी वेगळ्या. या त्यांची सरबराई करतात. सांडलंलवंडलं उचलतात, कोणतं रसायन किती असावं ते राखतात, कामापेक्षा जास्त रेंगाळणाऱ्याला बाहेर काढतात. अमोनिया आला की याच पुढे होतात. त्याला ग्लुटामेट नावाच्या रसायनाला जोडून ग्लुटामिन बनवतात आणि आपल्यातच ठेवून घेतात. ग्लुटामिन पाणी ओढतं, पेशी फुगते. फुगलेल्या पेशीला सरबराई जमत नाही. मग निरोप चुकीच्या दारी जातात, झोपेची वेळ उलटते, मनगट सांगितलेलं धरून ठेवत नाही. ह्यांच्या डोक्यातलं शिष्टाचार खातंच फुगून बसलं होतं. हे त्यांना सांगावं असं फार वाटलं. पण सांगण्यासारखे ते तेव्हा जागेवर नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नीट पाहिलं. "पाहुणे निघाले?"

"कधीच."

"कार्यक्रम कसा झाला?"

"आजवरचा सगळ्यात चांगला," मी म्हटलं. ते खूश होऊन परत झोपले. ढोलवाल्याचं मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

निघताना डॉक्टरने मला बाजूला घेतलं. "हे पुन्हा होणार. सकाळी सकाळीच ओळखलं तर औषध वाढवून घरी भागेल, किती वाढवायचं ते लिहून देतो. उशीर झाला तर बेशुद्धी. आणि प्रत्येक वेळी ते पूर्ण परत येतीलच असं नाही आंटी. ओळखायचं तुम्हालाच. त्यांना स्वतःला कळत नाही, ते तर म्हणणार मी ठीक आहे."

"ओळखू कसं?"

"रोज काहीतरी विचारा. वार, तारीख, शंभरातून सात वजा."

ह्यांनी नोकरी मुदतीआधी सोडली. वसाहतीतलं घर गेलं आणि आम्ही डोकमर्डीला एका इमारतीत आलो, जिथे बहुतेक कुटुंबं धाग्याच्या कारखान्यांत काम करणारी. टोकरखाड्याहून डोकमर्डी काही लांब नाही. पण खुर्ची गेलेल्या माणसाकडे यायला लोकांना ते अंतर फार वाटतं. पहिल्या दिवाळीला कारखान्यांकडून सुक्या मेव्याची काही खोकी आली, पुढच्या दिवाळीला एक, मग एकही नाही. ह्यांच्या यकृताला तेवढाच आराम. वलसाडचे सहकारी एकदा येऊन गेले आणि निघताना मला हळूच म्हणाले, "आता तरी बंद केली ना?"

वार आणि तारखेचा प्रयोग चालला नाही. "आज वार कोणता?" असं विचारलं की हे म्हणत, "घरी बसलेल्या माणसाला वार विचारू नये." खरं तर मलाही आठवत नसायचा. शंभरातून सात वजा करायला सांगितलं तर म्हणाले, "हिशेब विभागाकडे पाठव." हा गोंधळ की विनोद, काही समजेना. त्यांचा विनोद आधीही असाच होता. इतकी वर्षं मला तो आवडला होता, आणि आता त्याचीच भीती वाटू लागली.

मग एका सकाळी चहा देताना मी सहज म्हटलं, "समजा उद्या समारंभ आहे. मधे कोण?"

हे पाठ सरळ करून बसले. कप बाजूला ठेवला. "मधे प्रमुख पाहुणे. उजवीकडे प्रशासक. डावीकडे खासदार." एकेक खुर्ची, एकही न चुकता, दुसऱ्या रांगेच्या टोकापर्यंत. शेवटी मी विचारलं, "आणि मी?"

"डावीकडे, खांबाजवळ. कुटुंबीय."

"अलीकडे?"

"पलीकडे गं."

तेव्हापासून आमची सकाळ अशीच सुरू होते. जो क्रम ऐकून मी आयुष्यभर कंटाळले, तो आता मी श्वास रोखून ऐकते. पोलीस अधीक्षकांपर्यंत आले की जरा बरं वाटतं. खांबापर्यंत पोहोचले की चहा पिते. एकदा त्यांनी अर्धा क्रम वेगळाच सांगितला. मी घाबरून औषधाच्या बाटलीकडे धावले. तेव्हा कळलं की तो जुना क्रम होता, दमण आणि आपला प्रदेश एक होण्याआधीचा. "नवीन मला मान्य नाही," असं ते अगदी शुद्धीत म्हणाले. सरकारविरुद्ध त्यांनी केलेलं हे एकमेव बंड. मी बाटली जागेवर ठेवली.

पण काही सकाळी क्रम मधेच तुटतो. खासदारानंतर ते थांबतात आणि खिडकीकडे पाहतात. अशा दिवशी ते माझ्याशी फार चांगले वागतात, आणि तेच मला सहन होत नाही. "आपण बसा ना. चहा घेणार? प्रवास कसा झाला?" असं विचारतात. संसारात हा माणूस माझ्याशी कधी एवढ्या अदबीने बोलला नव्हता. मी बसते. प्रवास ठीक झाला म्हणते. खुर्चीवर टेकून चहा घेते, माझ्याच घरात, माझ्याच कपात, पाहुणी म्हणून. मग औषध पाजते, पोट साफ होईपर्यंत थांबते, चादरी धुते. सगळं सुरळीत झालं तर संध्याकाळकडे केव्हातरी आतून आवाज येतो, "अगं, चष्मा कुठे ठेवलास?" त्या एका 'अगं'साठी दिवसभर कान लावून बसावं लागतं.

मुलगी कॅनडात असते. ती व्हिडिओवर दिसली की हे ताठ बसतात, हसतात, हवामान विचारतात. शिष्टाचार सगळ्यात शेवटी जातो. फोन ठेवताना ती म्हणते, "आई, बाबा तर किती छान बोलतात. तू उगाच टेन्शन घेतेस." त्यांना इतकं छान बोलताना पाहूनच मी घाबरलेली असते, हे तिला कसं सांगू? एकदा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तू जरा बाहेर पड. माणसांत जा." माणसं कुठे मिळतील ते तिने सांगितलं नाही.

खाली एक धुळ्याकडची बाई राहते. तिचा नवरा कारखान्यात पाळ्या करतो. जिन्यात भेटली की ती थांबते. "आते कसं शे सायेबस्नं?" असं विचारते आणि उत्तर ऐकेपर्यंत उभी राहते. गावात एवढं करणारी तीच. तिने एकदा वाटीभर घट्ट वरण आणलं आणि दारातच घुटमळली. "बाई, डाळ चालते ना वो? सगळे म्हणता, अशा आजारात डाळ-दूध बंदच पाहिजे." सगळे म्हणतात खरं. डॉक्टरने मात्र मला बजावलं होतं की डाळ, दूध तोडू नका. अंगातलं मांस झडलं तर अमोनिया आणखी वाढेल, कारण तो जिरवायला स्नायूही मदत करतात. मी तिला "चालते" म्हटलं. तिची मान हलली नाही, ती नुसती "बरं" म्हणाली. वरण छान झालं होतं.

परवाची गोष्ट. सकाळी चहा ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं, "समजा उद्या समारंभ आहे. मधे कोण?"

हे पाठ सरळ करून बसले. माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी स्पष्ट आवाजात, जणू आधीच ठरवून ठेवलं असावं तसं म्हणाले, "मधे तू."

एवढी वर्षं खांबाआड बसून, सगळ्या खुर्च्यांची टिंगल करून, या एका वाक्यासाठी माझ्यात कुठेतरी जागा राखून ठेवलेली होती, हे मला त्या क्षणी कळलं. आपण कोणत्या गोष्टींना हसतो त्यावर भरवसा ठेवू नये. 'तू' म्हणाले होते, 'आपण' नाही. डोळ्यांत ओळख होती. विनोद असेल. विनोद नसेल आणि तरीही खरं असेल. चहा उतू जाईपर्यंत मी तसाच विचार करत राहिले.

मग गॅस बंद केला आणि म्हटलं, "हात पुढे करा."

"कशाला?"

"करा ना. पंजे वर."

त्यांनी हात पुढे केले, गाडी थांबवणाऱ्या पोलिसासारखे. क्षणभर ते स्थिर राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याशा देवाला काहीतरी मागत होते. मग उजवं मनगट पडलं. वर आलं. पुन्हा पडलं.

मी औषध मोजलं, डॉक्टरने सांगितलं होतं तेवढं जास्त. त्यांनी मुकाट्याने घेतलं आणि "आभारी आहे" म्हणाले.

त्या दिवशी दुपार फार लांबली. खालून पाळी सुटलेल्या माणसांचे आवाज आले आणि गेले. चादरी दोनदा बदलल्या. उन्हं कलली तेव्हा हे उठून स्वतः बाहेर आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अगं, आज चहा नाही का?"

मी चहा ठेवला. पाठमोरीच राहिले. तोंडाकडे बघून विचारायचा धीर नव्हता.

"समजा उद्या समारंभ आहे. मधे कोण?"

"सकाळी विचारलं नाहीस वाटतं," ते म्हणाले. "मधे प्रमुख पाहुणे. उजवीकडे प्रशासक. डावीकडे खासदार." जिल्हाधिकारी आले, अधीक्षक आले, अध्यक्ष आले. एकेकाला त्यांनी आपापल्या जागी नेऊन बसवलं. पहिली रांग भरली, दुसरी भरत आली.

"आणि मी?"

"डावीकडे. खांबाजवळ."

"अलीकडे?"

"किती वेळा सांगायचं, पलीकडे."

"बरं," मी म्हटलं, आणि चहा गाळला.